बालनाट्याच्या कार्यशाळा आणि महोत्सव: कुठे जावं, गेल्यावर काय बघावं

सर, तुमचा प्रश्न मला असा कळला. तुम्ही अनुदानित शाळेत मराठी शिकवता, सातवी-आठवीची नाटकं बसवता, मे महिन्यात शिबिर घेता. मुख्याध्यापक वर्षातून एकदाच बाहेर सोडतील. तेव्हा स्पर्धा बघायला जावं, दिल्लीचा महोत्सव गाठावा की कार्यशाळा करावी? प्रमाणपत्राचा काही उपयोग होतो का? आणि मुलांना बरोबर न्यावं का?

प्रमाणपत्राचं आधी उरकते. ते फाइलला लागतं, पुढच्या वेळी कर्तव्यरजा मागताना साहेबांपुढे ठेवता येतं. त्यापलीकडे त्याला कुणी विचारत नाही. तालमीच्या हॉलमध्ये तर नाहीच नाही.

आता मुद्द्याचं. एकदाच जाता येणार असेल तर पहिल्या वर्षी कार्यशाळा करा. मात्र अशीच निवडा, जिथे प्रशिक्षक खऱ्या मुलांबरोबर काम करतो आणि तुम्हाला कडेला बसून ते बघायला मिळतं. मोठ्या माणसांना गोल उभं करून टाळ्या-चुटक्यांचे खेळ घेणाऱ्या कार्यशाळा हल्ली गल्लोगल्ली झाल्यात. माणूस तिथून वहीभर खेळ घेऊन येतो, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ते सगळे वापरून संपतात आणि मग पुन्हा आपलं संहितावाटप, पाठांतर, 'आवाज काढ', 'प्रेक्षकांना पाठ दाखवू नकोस' सुरू. नाव नोंदवण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा: सत्राला मुलं असणार आहेत का? नाही म्हणाले तर मी तरी जाणार नाही.

मुलं असली की काय फरक पडतो ते सांगते. एका निवासी कार्यशाळेत शेजारच्या झेडपी शाळेतली पाचवी-सहावीची मुलं आणली होती. प्रशिक्षक बाईंनी काहीही समजावलं नाही. ओढणी डोक्यावरून घेतली, हातात रिकामी कळशी धरली आणि मुलांसमोर येऊन उकिडव्या बसल्या. "आज टँकर येणार आहे का हो? मी या गावात नवी आहे." मुलं फिदीफिदी हसली. एक जण म्हणाला, "बाई, तुम्ही नाटक करताय." त्या म्हणाल्या, "असेल. पण मला पाणी कुठं मिळंल?" आणि गप्प बसल्या. चांगलाच वेळ गप्प. आम्हा शिक्षकांनाच चुळबुळ व्हायला लागली. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "टँकर आधी सरपंचांच्या दारात लागतो. तुमचा नंबर शेवटी." तिथून पुढे नाटक मुलांनीच चालवलं. भांडणं झाली, नंबरांची यादी करायचं ठरलं, यादी कुणी लिहायची यावरून पुन्हा भांडणं. मध्येच बाई ओढणी काढून खांद्यावर टाकायच्या. तेवढ्यापुरत्या त्या शिक्षिका. "थांबा. त्या नव्या बाईला आता काय वाटत असेल?" मुलं बोलायची, की पुन्हा ओढणी डोक्यावर.

या पद्धतीला 'टीचर इन रोल' म्हणतात. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकवणाऱ्या डोरोथी हेथकोट यांनी ती नावारूपाला आणली. तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि मीही ते आधी वाचलं होतं. पण प्रश्न विचारल्यावर किती वेळ तोंड बंद ठेवायचं, हे वाचून हाडात मुरत नाही, ते समोर बघावं लागतं. बाईंनी भूमिका कुठली निवडली तेही बघा: सरपंचीण झाल्या असत्या तर मुलांनी नुसत्या माना डोलावल्या असत्या. काहीच माहीत नसलेली बाई झाल्या, म्हणून सांगायचं काम मुलांकडे गेलं. वहीत टिपायचं ते हे. खेळांची नावं कुणीही पाठवून देईल.

जाताना स्वतःची एक अडचण घेऊन जा. आपली अडचण सगळ्यांना ठाऊक आहे: साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, बाकं हलत नाहीत, शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार घेऊन येतात. प्रशिक्षकाला नेमकं हेच विचारा, की तुम्ही आत्ता वीस मुलांबरोबर मोकळ्या हॉलमध्ये केलंत ते मी माझ्या सातवी 'ब'मध्ये कसं करू? ज्याने शाळेत काम केलंय तो लगेच काहीतरी काढून देतो. म्हणजे अर्ध्या वर्गाला गाव करा, उरलेल्यांना जिल्हाधिकारी कार्यालय करा, बाकं म्हणजे कचेरी. ज्याने केलेलं नाही तो 'मुलांमधली ऊर्जा' वगैरे बोलायला लागतो. माणूस ओळखायला हा प्रश्न फार कामाचा.

कुठे जायचं? सेवेतल्या शिक्षकांसाठी सरळ रस्ता सीसीआरटीचा, म्हणजे 'सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग'चा. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक खात्याची ही संस्था 1979 पासून आहे, मुख्यालय दिल्लीत द्वारकेला. नाव शिक्षण खात्यामार्फत जातं, म्हणून रजेची कटकट कमी. तिथलं सगळंच नाटकाचं नसतं. बाहुल्या, हस्तकला, वारसास्थळं असं मिश्र असतं, पण बाहुल्यांचा भाग तुमच्यासारख्या भाषाशिक्षकाला सोन्यासारखा आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा 'संस्कार रंग टोली' हा गट नाटकातून शिक्षण या विषयात 1989 पासून मुलांबरोबर काम करतो आहे. त्यांचे लोक शिक्षकांसाठी काही घेत असतील तर डोळे झाकून जा. विद्यालयाचा आगरताळ्याला 'थिएटर इन एज्युकेशन', म्हणजे नाटकातून शिक्षण, याच विषयाचा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रमही आहे, पण नोकरी सांभाळून ते जमणार नाही. तुमच्या एखाद्या हुशार माजी विद्यार्थ्याला मात्र जरूर सांगा.

ही 'थिएटर इन एज्युकेशन' मंडळी मुळात काय करतात ते जाण्यापूर्वी थोडं वाचून ठेवा. 1965 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने याची सुरुवात केली. नट शाळेत जायचे, एका वर्गापुरता कार्यक्रम करायचे, आणि मुलांना गोष्टीत ओढून निर्णय त्यांच्याकडून घ्यायचे. हे डोक्यात असलं की सत्रात 'नाटक कधी सुरू होणार' म्हणून वाट बघत बसणार नाही. आमच्या गटातले एक सर दुपारपर्यंत तेच विचारत होते.

स्पर्धांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा घ्या किंवा पुण्यात भरत नाट्य मंदिरात होणारा भालबा केळकर करंडक घ्या, एका दिवसात ओळीने नाटकं बघायला मिळतात आणि नजर तयार होते यात वाद नाही. पण बघायचं असेल तर शेवटच्या रांगेतल्या मुलाकडे बघा. ज्याला संवाद नाही, हातात भाला देऊन ज्याला उभं केलंय, तो. बऱ्याचदा त्याचे ओठ हलत असतात, कारण सगळ्यांचे संवाद त्याला पाठ असतात. दिग्दर्शकाने त्याचं काय केलंय, यावरून मला ते नाटक कळतं. पारितोषिक कुणाला मिळालं ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतंच. आणि शक्य तर विंगेजवळची जागा धरा. आतून सर पुटपुटतायत की शांत उभे आहेत, हे कळायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

महोत्सवांचं वेगळं. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा 'जश्न-ए-बचपन' असतो, बंगळूरला रंगशंकरा या नाट्यगृहाचा मुलांसाठीचा 'आहा!' असतो. पण तुम्ही महाराष्ट्रात आहात, तेव्हा खर्च करून लांब जाण्याआधी पुण्यात ग्रिप्सचा प्रयोग लागला की गाठा. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची ही पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी 1986 मध्ये मराठीत आणली. राजे-राक्षस-पऱ्या नाहीत. घर, शाळा, बिल्डिंग यातलेच प्रश्न, मुलांची कामं मोठी माणसं करतात, भरपूर गाणी. तिथे निम्मा वेळ रंगमंचाकडे पाठ करून बसायची माझी सवय आहे. मुलं कुठल्या वाक्याला पुढे सरकतात, कुठे वेफर्सचं पाकीट उघडतात, आई-वडील हसतात तेव्हा मुलं हसतात का. मुलांसाठी नाटक लिहायला शिकायचं तर यासारखी शाळा नाही.

परदेशी परिषदांचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. नाट्यशिक्षणवाल्यांची 'आयडिया' ही जागतिक संघटना 1992 मध्ये पोर्टोला स्थापन झाली, तिची संमेलनं जगभर फिरत असतात. बाहेर बघून येण्याने काय होऊ शकतं याला आपल्याकडे मोठा दाखला आहे: सुधा करमरकर अमेरिकेतली बालरंगभूमी पाहून आल्या आणि 1959 मध्ये मुंबईत त्यांची 'लिटल थिएटर' ही बालनाट्य संस्था उभी राहिली. तरी तुम्ही आत्ता त्या वाटेला जाऊ नका. निबंधवाचन ऐकण्यापेक्षा तुम्हाला सध्या वर्गातलं काम बघायची गरज आहे.

एक गोष्ट जमवाच. एकटे जाऊ नका, आणि बरोबर नाटकवाला नेऊ नका. विज्ञानाचे किंवा भूगोलाचे सर न्या. नाटकवाला परत आल्यावर तुमच्याशी नाटकावरच बोलेल. भूगोलाचे सर म्हणतील, "हे धरणग्रस्तांच्या धड्याला करता येईल का?" आणि शाळेत तुम्हाला तास मागायला दुसरा आवाज मिळेल. आल्यावर पंधरवड्याच्या आत एका तुकडीवर करून बघा, एकमेकांच्या तासाला मागे बसा. सुट्टीनंतर करू म्हटलं की राहिलंच ते.

मुलांना न्यायचं म्हणाल तर कार्यशाळेला अजिबात नको, तुमचं लक्ष त्यांच्या जेवणात आणि चपलांत जाईल. प्रयोगाला न्या. जवळच्या गावातला दुपारचा प्रयोग बघा, पालकांची लेखी संमती घ्या, एक शिक्षिका बरोबर असू द्या. येताना गाडीत लगेच 'काय शिकलात' विचारू नका. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला त्यातला एक प्रसंग करायला सांगा, संहिता न देता. तुमची कार्यशाळा ठरली की तारखा इथे टाका. प्रशिक्षक माहितीतले निघाले तर सांगेन.