वाचकांचे प्रश्न : रात्रभर स्वप्नंच पडतात, असं का वाटतं?

प्रश्न : गेले दोन महिने रात्री तीन-चार वेळा जाग येते. दर वेळी एखादं स्वप्न मध्येच तुटलेलं असतं, अगदी लख्ख. सकाळी डोकं जड. पूर्वी मला स्वप्नंच पडत नसत. झोप भरून निघावी म्हणून आता साडेनऊलाच आडवी होते, सकाळी साडेसहाला उठते. तरी फरक नाही.

उत्तर : स्वप्नं तुम्हाला पूर्वीही पडत होती, फक्त आठवत नव्हती. स्वप्न चालू असताना किंवा ते संपल्यावर लगेच जाग आली, तरच ते लक्षात राहतं. तसंच झोपून राहिलं की पुसलं जातं. तेव्हा 'रात्रभर स्वप्नं पडली' याचा अर्थ बहुतेक वेळा 'रात्रभर झोपमोड झाली' असाच असतो. स्वप्नांच्या मागे लागू नका, झोप कुठे तुटते ते बघा.

झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते, रात्रीत चार-पाच फेऱ्या होतात. पहिल्या दोन फेऱ्यांत गाढ झोप जास्त. पुढे ती कमी होत जाते आणि डोळ्यांची बुबुळं मिटल्या पापण्यांआड भराभर फिरतात ती झोप वाढते. हिला रेम झोप म्हणतात, आणि लख्ख स्वप्नं बहुतेक हिच्यातच पडतात. युजीन असेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांनी शिकागो विद्यापीठात केलेलं तिचं वर्णन 1953 मध्ये प्रसिद्ध झालं. रात्रीचा पहिला रेमचा तुकडा जेमतेम दहा मिनिटांचा असतो, पहाटेचा अर्ध्या तासाच्याही पुढे जातो. लांबलचक, कथानक असलेली स्वप्नं पहाटे पडतात ती यामुळे. आणि पहाटे झोप मुळातच हलकी असते, त्यामुळे तेव्हा वाजलेलं दारही स्वप्न हातात ठेवून जातं.

तुमच्या पत्रातली खरी अडचण 'साडेनऊला आडवी होते' ही आहे. साडेनऊ ते साडेसहा म्हणजे नऊ तास अंथरुणात. प्रत्यक्ष झोप सहा तासांची होत असेल, तर ती नऊ तासांवर ताणली जाते. कापड ताणलं की विरळ होतं, तसंच. विरळ जागी भोकं पडतात, आणि त्या भोकांतून स्वप्नं दिसतात.

उलटं करून बघा. एक आठवडा रोज सकाळी (रात्री घड्याळ बघून नव्हे) अंदाजाने चार गोष्टी लिहा : कधी आडव्या झालात, डोळा कधी लागला, मध्ये एकूण किती वेळ जागं राहणं झालं, अंथरूण कधी सोडलं. सरासरी झोप काढा. ती सहा तास निघाली, तर अंथरुणातला वेळ साडेसहा तासांवर आणा : रात्री बारा ते सकाळी साडेसहा. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच, झोपण्याची तेवढी मागेपुढे करायची. पुढच्या आठवड्यात झोपेच्या तासांना अंथरुणातल्या तासांनी भागा. उत्तर 85 टक्क्यांच्या वर आलं, तर पंधरा मिनिटं लवकर झोपा. खाली आलं, तर आणखी एक आठवडा तसाच काढा. झोप सहा तास धरली, तर सध्या तुमचा हिशेब 67 टक्क्यांच्या आसपास बसतो.

पहिले आठ-दहा दिवस हे नकोसं होतं, दिवसा पेंग येते, आणि लोक नेमके तेव्हाच सोडून देतात. काही जण दुपारी तासभर झोपून रात्रीच्या झोपेची भूक मारतात. झोप कितीही कमी भरली तरी अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली नेऊ नका. अपस्मार असेल, बायपोलर विकार असेल, झोपेत चालण्याची सवय असेल किंवा काम गाडी-यंत्र चालवण्याचं असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटं (पुन्हा अंदाजानेच) डोळा लागला नाही, तर उठून दुसरीकडे बसा. मंद दिवा, कंटाळवाणं वाचन. झोप डोळ्यांवर आली की परत या. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवा : 'तीन वाजले, आता साडेतीन तासच उरले' ही वजाबाकी सुरू झाली की झोप उडालीच. आणि सकाळी गजर पुढे ढकलत राहायची सवय असेल, तर तीही सोडा. त्या नऊ-दहा मिनिटांच्या डुलक्या पुन्हा पुन्हा तुटतात, आणि दर वेळी स्वप्नाचा एखादा तुकडा हाती लागू शकतो.

प्रश्न : सिगारेट सोडून तीन आठवडे झाले. निकोटिनचा पॅच चोवीस तास लावतो. झोप लागावी म्हणून रात्री दोन पेग घेतो. पटकन झोपतो, पण तीनच्या सुमाराला भयंकर स्वप्नं पडून घामाघूम जागा होतो.

उत्तर : दोन्ही गोष्टी तुमच्या पहाटेवर उठल्या आहेत. दारू पहिल्या अर्ध्या रात्री रेम झोप दाबून धरते. काही तासांत ती शरीरातून उतरते आणि दबलेली रेम उसळून वर येते, शिवाय झोप हलकी झालेली असते. तुमचं तीन वाजताचं वेळापत्रक या हिशेबात चपखल बसतं. पॅच रात्रभर निकोटिन देत राहतो, आणि ते उत्तेजक आहे.

पॅच झोपताना काढून सकाळी नवा लावता येतो, सोळा तासांचे पॅचही मिळतात. त्याची किंमत अशी, की सकाळी उठल्या उठल्या तलफ जास्त जाणवते. ती आवरत नसेल, तर सकाळसाठी निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल डॉक्टरांना विचारा. पेग मात्र थांबवाच. थांबवल्यावर काही रात्री स्वप्नं आणखी गडद होतील, त्याला घाबरून परत बाटलीकडे वळू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करायचं नाही, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि स्वप्नात सिगारेट ओढून अपराधी वाटत जाग आली, तर सोडणाऱ्या अनेकांना तसं होतं. ती मोडलेली शपथ धरू नये.

प्रश्न : रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून विचित्र स्वप्नं पडतात. गोळीचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर (रक्तदाबावरच्या औषधांचा एक गट) मेंदूत सहज शिरतात आणि अशी स्वप्नं देऊ शकतात. त्याच गटातलं अटेनोलॉल मेंदूत कमी जातं. नैराश्यावरची काही औषधं, दम्यावरचं मॉन्टेलुकास्ट, स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल हेही या यादीत येतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका : बीटा ब्लॉकर अचानक थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं. गोळी कधी सुरू झाली आणि स्वप्नं कधी, या दोन तारखा कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. वेळ बदलून किंवा औषध बदलून पुष्कळदा काम भागतं.

प्रश्न : आठवड्यातून तीनदा एकच स्वप्न : लिफ्टमध्ये एकटी आहे, दोर तुटतो, खाली कोसळते. आता झोपायचीच भीती वाटते.

उत्तर : यावर चांगला उपाय आहे, आणि तो दिवसा करायचा असतो. स्वप्न वर्तमानकाळात एका कागदावर लिहा. मग ते कुठूनही बदला. तुमच्या बाबतीत : दोर सुटतो, पण लिफ्ट हळूहळू तरंगत उतरते, दार उघडतं, बाहेर ओळखीचं अंगण आहे. बदल पटण्यासारखा असलाच पाहिजे असं नाही, तुम्हाला तो आवडला पाहिजे. नवी गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवा : दाराची खरखर, पायाखालची फरशी, सगळं. जुनी गोष्ट पुन्हा वाचायची नाही. काही आठवडे नेटाने करा.

चुकतं ते इथे : लोक सर्वांत भीषण स्वप्न आधी घेतात आणि लिहितानाच धास्तावतात. दोन-तीन स्वप्नं असतील, तर सौम्य आधी. स्वप्न खऱ्या अपघाताचं किंवा अत्याचाराचं असेल, तर एकट्याने न करता मानसोपचारतज्ज्ञांबरोबर करा.

प्रश्न : यजमान साठीचे आहेत. पहाटे झोपेत ओरडतात, लाथा मारतात. परवा माझ्या खांद्यावर ठोसा बसला. हलवलं की लगेच जागे होतात आणि 'चोर अंगावर आला होता' असं सांगतात. हे मनावर घ्यायचं का?

उत्तर : घ्यायचं. रेम झोपेत हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावतो आणि अंथरुणात पडून राहतो. ते कुलूप नीट लागलं नाही, तर माणूस स्वप्न अंगाने जगू लागतो. वेळ पहाटेची, डोळे मिटलेले, हलवताच शुद्धीवर येणं आणि स्वप्न सांगता येणं, ही चिन्हं त्याच बाजूची आहेत. झोपेत चालणं किंवा किंचाळून उठणं बहुधा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात होतं, आणि त्या माणसाला सकाळी फारसं आठवत नाही.

मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. हा विकार काहींमध्ये पार्किन्सनच्या कंपवाताच्या कित्येक वर्षं आधी दिसतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तो उद्भवतो. झोपेतल्या श्वासरोधातही असंच हातपाय झाडणं होऊ शकतं, म्हणून घोरता घोरता श्वास अडकतो का तेही सांगा. निदान पक्कं होतं ते रात्रभराच्या झोपतपासणीने, ज्यात चित्रीकरणही करतात.

तोवर गादी जमिनीवर घ्या, उशाशेजारचं टोकदार टेबल आणि काचेचं तांब्याभांडं हलवा, तुम्ही वेगळ्या अंथरुणावर झोपा. हातपाय झाडायला लागले की जवळ जाऊन धरू नका, लांबूनच नावाने हाक मारा. आणि जमलं तर मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा. तपासणीच्या रात्री ते नेमके शांत झोपले, तर तेच उपयोगी पडेल.