एक एकर विकून शिकवण्याआधी

प्रश्न (पत्राचा सारांश) : रावेर तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन, केळी लावतो. मध्ये एकदा वादळाने बाग आडवी केली, मग हरण्या रोगाने शेकडो झाडं उपटावी लागली. मोठा मुलगा पुण्याला कस्टमर सपोर्टला होता. ते काम आता कॉम्प्युटरच करतो म्हणून त्याला कमी केलं. मुलगी बारावी सायन्स झाली, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत, सीईटी दिली आहे. तिला बीएस्सी ॲग्री करायचंय. शेतीत काय उरतं ते आम्हाला माहीत आहे. एक एकर विकून तिला पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालावं असं ठरतंय. जग एवढं उलटंपालटं होत असताना पंचवीस वर्षं घोर नको असं कोणतं शिक्षण आहे? – एक पालक

उत्तर :

नमस्कार भाऊ,

पंचवीस वर्षं घोर नको असं शिक्षण नाही. कोणी छातीठोकपणे तसं सांगून ॲडमिशनचे पैसे मागत असेल, तर तिथून उठून या. मुलाची नोकरी गेली त्यात त्याचा दोष नव्हता. ठरलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरं द्यायचं काम यंत्राने उचललं, आणि तसली कामं अजून कमी होणार. कॉम्प्युटर शाखा वाईट नाही. पण मुलीचा ओढा नसताना, कोट्यातून, जमिनीच्या पैशावर तिकडे जायचं आणि चार वर्षांत बाजार फिरला, तर जमीनही गेलेली आणि मुलगीही नाराज, अशी गत होईल.

आधी पैशाचं बोलते, कारण ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये घेतला. त्यात कृषी आहे, इंजिनिअरिंगही आहे. मुख्य अट अशी की प्रवेश सरकारी कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही माफी गेली. म्हणजे जमीन विकून तुम्ही नेमका तोच दरवाजा निवडताय, जिथे सवलत नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र घरूनच करावा लागेल, तो धरून चाला.

आता मुलीचं. तुम्ही पत्रात ओघात एक गोष्ट लिहिलीत, मी ती परत परत वाचली. हरण्या आला तेव्हा ती सकाळी बागेत फिरून, पानावर पिवळे पट्टे दिसले की त्या झाडाला लाल चिंधी बांधायची आणि वहीत ओळ व झाडाचा नंबर लिहायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. या रोगाला औषध नाही. मावा किडीमुळे तो पसरतो, रोगट झाड लवकर ओळखून मुळासकट काढणं आणि मावा आवरणं एवढंच हातात असतं. लवकर ओळखणारी नजर हीच तिथे कमाई. टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं विषाणूमुक्त आहेत का, हे प्रयोगशाळेत तपासणारी माणसंही लागतात.

दुसरं उदाहरण तुमच्याच बांधावरचं. केळीचा हवामान आधारित फळपीक विमा घेता ना? उन्हाने घड होरपळले तरी तापमानाच्या निकषावर पैसे देताना तुमची बाग कोणी बघत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरावीक दिवस सलग ठरावीक तापमान नोंदलं गेलं का, तेवढंच बघतात. गावात किती जणांना ते आकडे वाचता येतात? पिकाची भाषा आणि आकड्यांची भाषा दोन्ही येणारं माणूस आपल्याकडे फार कमी आहे. ऊन, रोग, खोल जाणारं पाणी यांनी शेतकरी जेवढा अडेल, तेवढी अशा माणसाची गरज वाढेल. यावल-रावेरच्या ट्यूबवेल किती खाली गेल्या ते मी तुम्हाला काय सांगू.

तरीही नुसती ॲग्रीची डिग्री पुरेल असं मी म्हणणार नाही. कितीतरी मुलं ती घेऊन एमपीएससीच्या मोजक्या जागांसाठी वर्षानुवर्षं बसून राहतात, आणि वय निघून जातं. म्हणून पहिल्या वर्षापासून डिग्रीच्या जोडीला एक काम हातात बसवायचं: रोगनिदान, टिश्यूकल्चर, हवामानाची आकडेवारी, नाहीतर निर्यातीच्या पॅकहाऊसमधलं प्रत बघण्याचं काम. सुट्टीत तिला जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा, तिथल्या लोकांना तिची वही दाखवा. गणित आहे, तर कृषी अभियांत्रिकीचा पर्यायही फॉर्ममध्ये ठेवा. ठिबक, पंप, सोलर याकडे तिचा कल निघाला तर तो रस्ता अधिक चांगला. ॲग्रीचं कॉलेज धुळ्याचं किंवा मुक्ताईनगरचं मिळालं तर घर जवळ राहील.

मुलाला म्हणावं, गावी परत आलास म्हणजे हरलास असं नाही. फोनवर चिडलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायची त्याला सवय आहे. व्यापाऱ्याशी केळीच्या भावाची बोलणी त्याच्याकडे देऊन बघा.

तुमच्या प्रवर्गाला लागतील तसे जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल या आठवड्यातच सेतू केंद्रात टाका. दरवर्षी एका कागदापायी कॅपमधली जागा हुकलेली मुलं मी बघते. कॉलेजांची पसंती भरताना मुलीला शेजारी बसवा, क्रम तिला लावू द्या. आणि एकराचा इसार अजून घेतलेला नाही म्हणता, तर तो घेऊ नका.