त्या कड्यावर कोण उभं होतं?

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. 'अनदर वर्ल्ड' लावलास, पंधरा मिनिटांत वीसेक वेळा मेलीस, वैतागून यूट्यूबवर अख्खा वॉकथ्रू, म्हणजे दुसऱ्याने गेम शेवटपर्यंत खेळून दाखवलेला व्हिडिओ, बघितलास, आणि आता विचारतेस की लोक हा गेम एवढा डोक्यावर का घेतात, आणि मला तो कळत नसेल तर मी गेम डिझाइनमध्ये पडावं की नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं नंतर. आधी मला एक सांग, सुरुवातीला गेमचा नायक लेस्टर पाण्यातून बाहेर येतो ना, तेव्हा मागच्या कड्यावर कोण उभं असतं?

नाही सांगता येणार. कारण तू पायाकडे बघत होतीस. अगं तिथे तो काळा प्राणी उभा असतो, तोच, जो नंतर तुझ्या मागे लागतो आणि तू मला लिहितेस 'अचानक कुठून आला, चीटिंग आहे'. अचानक कुठला, पहिल्याच स्क्रीनवर दाखवलाय की. आधी बघ. मी तुला या एका गोष्टीपलीकडे काही शिकवू शकणार नाहीये, त्यामुळे पुन्हा पुन्हा तेच येईल, सहन कर.

या गेममध्ये स्कोअर नाही, हेल्थ बार नाही, कोपऱ्यात नकाशा नाही, भाषा कळेल असा एक संवाद नाही. म्हणजे जे काय सांगायचंय ते सगळं चित्रातच आहे. पिंजऱ्याचंच घे. शुद्धीवर येतेस तेव्हा पिंजरा टांगलेला आहे, शेजारी एक अनोळखी परग्रहवासी बसलाय, खाली पहारेकरी फेऱ्या मारतोय, मागे बाकीचे कैदी खाणीत घाव घालतायत. कोणी सांगत नाही काय कर. डावी-उजवी दाबलीस की पिंजरा थोडासा हलतो. बस, तेवढंच. तो थोडासा हलणं दिसलं तर सुटलीस, नाही दिसलं तर बस तिथेच. आणि पिंजरा पहारेकऱ्यावर आदळल्यावर तो शेजारचा उठून लेस्टरच्या खांद्यावर हात ठेवतो, तो हात तू वॉकथ्रूमध्ये दीडपट स्पीडने बघितलास ना? मला रागच येतोय लिहिताना.

राग माझ्यावरच आहे खरं तर. मी बारावीत असताना आमच्या क्लासमधल्या 486 कॉम्प्युटरवर हा गेम होता आणि एका सीनियर मुलाच्या वहीत थेट पुढच्या टप्प्यांवर नेणारे सगळे चार-चार अक्षरी कोड लिहिलेले होते. मी सरळ शेवटचा कोड टाकला, शेवट बघितला आणि पुढची कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो की मी 'अनदर वर्ल्ड' संपवलाय. संपवला कसला, मागच्या दाराने आत शिरून पंगत उठताना ताटावर बसलो. 2011 ला विसाव्या वर्षाची आवृत्ती आली तेव्हा कुठे नीट पहिल्यापासून खेळलो, आणि पहिल्याच स्क्रीनवर तो कड्यावरचा प्राणी दिसला. वयाच्या पस्तिशीत! लाज वाटली.

आता ज्याने केला त्याचं बघ. एरिक शाई, फ्रान्सचा, 1989 मध्ये सुरू केला आणि 1991 मध्ये आमिगा कॉम्प्युटरवर आणला, संगीत सोडलं तर जवळपास सगळं एकट्याने. फ्लॉपीत जागा नाही म्हणून चित्रं सपाट पॉलिगॉनची, म्हणजे एकरंगी बहुभुज आकारांची, हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून कॅमेऱ्यासमोर स्वतःच चालला-धावला आणि त्यावरून रेखाटलं. आणि गोष्ट आधी ठरलेलीच नव्हती, एक भाग झाला की पुढचा सुचेल तसा. पुढे काय होणार हे तुझ्यासारखंच त्यालाही माहीत नव्हतं, म्हणून ती भीती खरी वाटते. पुढे जपानी डिझायनर फुमितो उएदाने 'इको' हा गेम केला त्याच्यामागेही हा गेम आहे, तिथेही भाषा न कळणारी दोन माणसं एकमेकांना सांभाळत पळतायत.

त्याचा हट्टीपणा मला भयंकर आवडतो. अमेरिकेतल्या इंटरप्ले या प्रकाशक कंपनीने सुरुवातीचं संगीत बदलायचं ठरवलं तर या पठ्ठ्याने 'मूळ संगीत ठेवा' असा फॅक्स पाठवला, आणि कागदाची दोन टोकं चिकटवून, म्हणजे तो तिकडे संपेचना! मीसुद्धा एका कंपनीत गेममधल्या दारावर मोठा पिवळा बाण लावायला नकार दिला होता, खेळणाऱ्याला दार दिसतंय, बाण कशाला. भांडण झालं, नोकरी गेली. लोक म्हणतात इगो. असेल थोडा. टेबलावर हात आपटायला नको होता हे मान्य, पण बाण नकोच होता, आजही नको.

बरं, सगळंच बरोबर आहे असं मी म्हणत नाही. त्या रणगाड्यात बसल्यावर समोर बटणंच बटणं, काय कशाचं ते कुणालाच कळत नाही, तिथे नुसती दाबत सुटायची. काही मरणं निव्वळ अन्याय आहेत. एकाच बटणावर पिस्तुलाची तीन कामं, टॅप केलं की गोळी, थोडं दाबून धरलं की ढाल, अजून धरलं की मोठा स्फोट, आणि समोरून गोळ्या येत असताना बोट नेमकं अर्धा सेकंद आधी सुटतं. शिव्या घाल, मीही घालतो. पण बघून शिव्या घाल.

आणि तो डिझाइनमध्ये पडावं का हा प्रश्न, तो वॉकथ्रू बघून मला विचारू नकोस गं.

आज रात्री पहिल्यापासून लाव. पाण्यातून वर आलीस की कड्याकडे बघ, पण फार वेळ काठावर रेंगाळू नकोस, मागून त्या सोंडा येतात. पिंजऱ्यातून सुटलीस की फोन कर, कितीही वाजलेले असोत. सुटायच्या आधी केलास आणि कसं सुटायचं विचारलंस तर फोन ठेवून देईन.