वाचकांचे प्रश्न : मातीचा बांध, पाखरे आणि फिरायला येणारी माणसे

प्रश्न : आमच्या गावाला 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर लोकांनी बांधलेला मातीचा पाझर तलाव आहे. बांध सुमारे दोनशे मीटर लांब आणि नऊ मीटर उंच आहे. पुणे आता आमच्या वेशीला टेकल्यामुळे सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते आणि हिवाळ्यात पक्षी पाहणारेही येतात. दोन वर्षांपूर्वी गावातील तरुण मंडळाने बांधाच्या माथ्यावर आणि मागच्या उतारावर वड, पिंपळ, कडुनिंब व गुलमोहर यांची साठेक रोपे लावली आणि उन्हाळाभर पाणी घालून जगवली. आता गावातील एक वृद्ध मिस्त्री म्हणतात की, ही झाडे एक दिवस बांध फोडतील. मुळे माती धरून ठेवतात, असे आम्ही शाळेत शिकलो. मग खरे कोणाचे?
— एक वाचक, मुळशी तालुका

उत्तर : मिस्त्रींचे. मंडळाच्या मुलांनी दोन उन्हाळे खांद्यावरून पाणी वाहिले असणार, त्यामुळे हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण डोंगरउतारावरची माती आणि बांधाची माती यांत मोठा फरक आहे. डोंगरावर मुळे मातीची धूप थांबवतात. बांधाच्या एका अंगाला मात्र वर्षातील कित्येक महिने पाणी रेटा देत उभे असते आणि ते आत शिरण्यासाठी सतत वाट शोधत असते. आपल्याकडच्या अशा बांधात मधोमध दाबून बसवलेल्या काळ्या मातीचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण असते. पाणी अडवण्याचे काम गाभा करतो, तर त्याला आधार देण्याचे काम मुरूम करतो. वडा-पिंपळाची मुळे ओलाव्याच्या शोधात या गाभ्यापर्यंत पोहोचतात. झाड जिवंत असेपर्यंत फारसे काही दिसत नाही. ते वाळले किंवा कोणी तोडले की मुळे काही वर्षांत कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. त्या नळीतून पाणी झिरपू लागते, जाताना मातीचे कण सोबत नेते आणि नळी रुंदावत जाते. शिवाय वादळात मोठे झाड उन्मळून पडले, तर मुळांसकट बांधाचा लचका घेऊनच पडते.

म्हणून बांधावर हरळीसारखे आखूड गवत असावे, झाड असू नये. गवताची मुळे वरचा थर धरून ठेवतात आणि गवत आखूड असले की भेग, बीळ, ओल किंवा खचलेली जागा चालता चालता नजरेस पडते. घाणेरी आणि सुबाभूळ माजलेल्या बांधावर यांतले काहीही दिसत नाही; घुशींना मात्र उत्तम आडोसा मिळतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले, तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरला असे विधान झाले आणि त्याची सर्वत्र खिल्ली उडवली गेली. माझे मत असे की, खेकडे बांधात बिळे करतात हे खरे आहे, पण ज्याची देखभाल नीट होते असा बांध ते फोडू शकत नाहीत. बीळ दिसले की ते खणून, ओली माती थराथराने धुमसून, म्हणजे ठोकून घट्ट बसवून, बुजवायचे असते, एवढे काम कोणीतरी दर वर्षी करायला हवे.

आपली रोपे अजून लहान आहेत, ही जमेची बाजू आहे. तलावात पाणी कमी असताना, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस किंवा पहिल्या वळवानंतर, ती मुळांसकट काढावीत आणि खड्डे सुमारे पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी माती ओली करून धुमसत भरावेत. रोपे फेकून देण्याचे कारण नाही. बांधाच्या मागच्या पायथ्यापासून निदान दहा मीटर सोडून, किंवा त्याहून बरे म्हणजे तलावाला पाणी आणणाऱ्या ओढ्याच्या काठाने ती लावावीत आणि नवी लावणी करायची असेल, तर करंज, जांभूळ व उंबर निवडावेत. तलावाच्या वरच्या उथळ टोकाला बाभळी असल्या तर त्या अजिबात काढू नयेत. काही काळ पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाभळींवर बगळे आणि पाणकावळे रात्री उतरतात. बांधावरच जुने, जाड बुंध्याचे झाड असेल, तर त्याला स्वतः कुऱ्हाड लावू नये, कारण खोड गेले तरी मुळे आतच कुजत राहतात. ते काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. एवढ्या लहान तलावाची जबाबदारी सामान्यतः जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे असते. 2021 चा धरण सुरक्षा कायदा प्रामुख्याने पंधरा मीटरहून उंच आणि काही अटींसह दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांसाठी आहे. आपला बांध त्यात बसत नाही, त्यामुळे गावाने लेखी पाठपुरावा करणे अधिकच गरजेचे ठरते.

प्रश्न : आमच्या भागातील तलावातून गेल्या उन्हाळ्यात यंत्राने गाळ काढला आणि तो शेतकऱ्यांनी शेतात नेला. तलाव खोल झाला, पाणीही जास्त काळ टिकले. मात्र यंदा हिवाळ्यात नेहमीची तलवार बदके, थापटे आणि चिखलात चोच खुपसणारे लहान पक्षी जवळजवळ दिसलेच नाहीत. पाणी वाढूनही पक्षी का कमी झाले?
— एक पक्षीनिरीक्षक, कोथरूड, पुणे

उत्तर : पाणी वाढले, पण उथळ काठ गेला. तलवार बदक आणि थापट्या ही बुडी मारून खाणारी बदके नव्हेत. ती शेपूट वर करून, मान पुरेल तेवढ्याच खोलीतले खाद्य घेतात. म्हणून हातभर पाण्यापलीकडचा तळ त्यांच्या उपयोगाचा नसतो. तुतवारीसारख्या पक्ष्यांना तर दोन-चार बोटे पाणी आणि ओला चिखल लागतो. शेकाट्याचे पाय लांब असले तरी तोही उथळ पाण्यातच चरतो. यंत्राने तलाव पेटीसारखा खणला की कडा उभ्या होतात, आणि उभ्या कडेच्या तलावात वारकरी, टिबुकली व पाणकावळे या बुडी मारणाऱ्या पक्ष्यांचे भागते, बाकीच्यांचे नाही.

गाळ काढण्याला माझा विरोध नाही. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली जात आहे आणि त्या मातीचा शेताला फायदा होतो. प्रश्न गाळ कुठून उचलायचा याचा आहे. मधला भाग खोल करावा, वरच्या टोकाचा उतार मंद ठेवावा आणि तेथील लव्हाळे, पाणकणीस यांचा पट्टा सोडावा. एखादा मातीचा उंचवटा बेटासारखा ठेवला, तर कुत्र्यांपासून दूर अशी विश्रांतीची जागा पक्ष्यांना मिळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांधाच्या आतल्या पायथ्याला लागून खोदकाम करू नये. तेथे वर्षानुवर्षे साचलेला बारीक गाळ गोधडीसारखा पसरून खालचा पाझर कमी करतो. तो उचलला तर बांधाखालून गळती वाढू शकते. उभ्या कडांमध्ये गुरे आणि पोहायला उतरलेली मुले अडकतात, हेही अनेक गावांनी पाहिले आहे.

आपण वेड्या राघूचा उल्लेख केला नाही, पण इतर दोन पत्रांत तो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हा पक्षी मातीच्या उभ्या कडेत लांब बोगदा करून घरटे करतो. बांध कुठे ढासळून उभा कडा तयार झाला की तो तेथेही येतो. पिल्ले असताना बीळ बुजवू नये. पावसाळ्यापूर्वी ती उडून गेली की कडा पुन्हा उताराची करावी आणि बांधापासून दूर एखादी उभी कड त्याच्यासाठी राखावी.

प्रश्न : आमच्या तलावात मासेमारी करणारे आणि नौकाविहार चालवणारे दर वर्षी गणपतीनंतर सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर, वाळूची पोती रचतात, म्हणजे फूटभर पाणी जास्त साठते आणि उन्हाळ्यात नावा चालतात. फूटभराने काय बिघडते?
— एक ग्रामपंचायत सदस्य, पुरंदर तालुका

उत्तर : फूटभराने पुष्कळ बिघडते. सांडव्यावरून किती पाणी जाईल हे त्यावरील पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घातावर ठरते, म्हणजे उंची थोडी घटली तरी पाणी त्याहून जास्त प्रमाणात घटते. पुराच्या वेळी सांडव्यावरून एक मीटर उंचीचे पाणी जाईल असे धरून तो बांधला असेल आणि आपण त्यातील तीस सेंटिमीटर पोत्यांनी अडवले, तर उरलेल्या सत्तर सेंटिमीटरमधून मूळ पाण्याच्या सुमारे 59 टक्केच पाणी जाते. उरलेले पाणी बांधाच्या माथ्याकडे चढते. दगडी धरणावरून थोडे पाणी ओसंडले तरी ते तग धरू शकते, मातीचा बांध मात्र मागच्या उताराकडून कापला जाऊ लागतो आणि एकदा चर पडला की काही तासांत सारे वाहून जाते. पुणेकरांना हे सांगायला नको. 12 जुलै 1961 रोजी बांधकाम पूर्ण व्हायचे असलेले पानशेतचे मातीचे धरण खचले, त्यावरून पाणी वाहिले आणि ते फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटून शहरात पूर आला. परतीचा पाऊस ऑक्टोबरात किती जोरात येतो, हे पुरंदरच्या माणसाला मी काय सांगावे? पोती आजच काढावीत आणि सांडव्यात उगवलेली झुडपे व अडकवलेली जाळीही काढावी. नौकाविहार चार महिने कमी चालला तरी चालेल.

प्रश्न : फिरणाऱ्यांच्या सोयीसाठी बांधावर सिमेंटचे ठोकळे बसवून दिवे लावावेत, असा आमच्या सोसायट्यांचा प्रस्ताव आहे. काही हरकत?
— काही रहिवासी, बावधन, पुणे

उत्तर : ठोकळे नकोत, कारण त्यांखाली बांधाला पडलेली भेग दिसत नाही. बारीक मुरूम पसरून माथ्याला तलावाच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही, आणि दोन्ही टोकांना खांब रोवून दुचाक्या बंद कराव्यात. दिवे लावायचेच असतील तर ते बांधाखालच्या रस्त्यावर लावावेत; रात्री पाण्यावर प्रकाश पडला की तेथे उतरलेली बदके उठतात. आपण रोज फिरतच आहात, तर आठवड्यातून एकदा मागच्या पायथ्याच्या निचरा-चारीपाशी, म्हणजे बांधातून झिरपलेले पाणी वाहून नेणाऱ्या चरापाशी, बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते हे वहीत लिहावे. तलावाची पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली किंवा पाणी गढूळ येऊ लागले, तर त्याच दिवशी तालुक्याच्या अभियंत्याला कळवावे.