मॅन्डोलिनवर बोटं दुखतात, त्याचं कारण आधी नटमध्ये शोधा

प्रश्न: छंद म्हणून मॅन्डोलिन सुरू केलंय. बोटं इतकी दुखतात की सोडून द्यावंसं वाटतं. सगळे म्हणतात, घट्टे पडले की थांबेल. आणि सोबत वाजवणारे कसे शोधायचे?

उत्तर:

घट्टे पडायची वाट बघू नका. ‘सहन करा, सवय होईल’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, कारण या एका सल्ल्यापायी चांगली शिकणारी माणसं हे वाद्य माळ्यावर टाकून देतात. आठ तारा, त्या जोडीजोडीने, जेमतेम ३५ सेंटिमीटर लांबीत ताणलेल्या. थोडा जोर लागणारच. पण पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार बोटात रुतत असेल, तर दोष बहुतेक वेळा नटचा असतो, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. नव्या वाद्यात नटच्या खाचा उथळच ठेवलेल्या असतात. खोल करणं सोपं, गेलेलं परत भरणं कटकटीचं.

तपासायचं असं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर किती फट उरते ते उजेडासमोर बघा. केसाएवढी हवी, तारेवर टिचकी मारली की बारीक ‘टिक’ ऐकू यावं. जाड कार्ड सहज आत जात असेल तर खाच उथळ आहे. फट मुळीच नसेल तर खाच जास्त खोल गेलीय आणि मोकळी तार झणझणेल. दुसरी खूण कानाला कळते: मोकळी तार सुरात, पण पहिल्या पडद्यावरचा स्वर चढा. खाच तारेच्या जाडीच्याच कानशीने, दोन-चार हात मारून परत तपासत घासायची असते. कानस नसेल तर कारागिराकडे द्या, घरच्या करवतीने प्रयोग नको.

मग ब्रिज, म्हणजे वाद्याच्या वरच्या फळीवर तारांना उचलून धरणारी घोडी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची सगळ्यात बारीक ई तारेला साधारण दीड मिलिमीटर आणि सगळ्यात जाड जी तारेला दोन मिलिमीटर ठेवा. ब्रिजची उंची बदलणारी चाकं फिरवण्याआधी तारा ढिल्या करा, नाहीतर आटे जातात. ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच उभा असतो. म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एकेक बदलायची. नव्या तारा बसल्यावर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळवून बघा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे (तारांची टोकं अडकवलेली असतात तिकडे) सरकवा, उतरता असेल तर मानेकडे. सरकवायचा तो अगदी केसभर.

तारांचा संच ०.०१० ते ०.०३८ इंच जाडीचा घ्या. ०.०११ ते ०.०४० चा आवाज भरदार असतो, पण सुरुवातीला त्याची गरज नाही. पिक (तारा छेडायची पत्ती) मात्र जाड हवी, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. पातळ पिक जोडीतल्या पहिल्या तारेवरच लवते, दुसरी नीट वाजत नाही, मग माणूस उगाच मनगट आवळतो. बोट पडद्याला लागून ठेवा, दोन पडद्यांच्या मधोमध नाही. निम्मं दुखणं तिथेच कमी होतं.

सोबतीचं म्हणाल, तर फक्त मॅन्डोलिनवालेच शोधत बसू नका. जी-डी-ए-ई हे व्हायोलिनचंच ट्यूनिंग आहे, त्यामुळे व्हायोलिन शिकणाऱ्याच्या धुना त्याच नोटेशनवरून तुम्हाला वाजवता येतात. त्याच्या जोडीला ताल धरणारा एक गिटारवाला मिळाला की मंडळ झालं. व्हायोलिन आणि गिटारच्या शिक्षकांना विचारा, त्यांच्याकडे एकटे सराव करून कंटाळलेले विद्यार्थी असतातच. मॅन्डोलिन ऑर्केस्ट्रा जवळपास असेल तर दुसऱ्या मॅन्डोलिनची बाजू मागा. ती पहिलीपेक्षा सहसा सोपी असते.

‘आधी एकट्याने पक्के व्हा, मग लोकांत जा’ हे मला अजिबात पटत नाही. लय एकट्याने पक्की होत नाही. जी (०-०-२-३), सी (०-२-३-०) आणि डी (२-०-०-२) हे तीन कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरसमूह; आकडे पडद्यांचे, ० म्हणजे मोकळी तार) जाड तारेकडून बारीक तारेकडे असे बसले, आणि जी पट्टीतल्या दोन धुना संथ लयीत न अडखळता आल्या, की जा. धून येत नसेल तेव्हा गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कॉर्ड तोडून वाजवा. त्यासाठी २-२-४-५ हा बंद, म्हणजे एकही मोकळी तार नसलेला, ए कॉर्ड शिका: वाजवल्याबरोबर बोटांचा दाब सोडा, पण तारांवरून बोट उचलू नका. मोकळ्या तारा असलेला कॉर्ड असा तोडता येत नाही, तो घुमत राहतो.

दोन गोष्टी राहिल्या. गोल पोटाचं जुनं वाद्य असेल तर वरचा हलका संचही त्याला जड पडू शकतो. तारा चढवण्याआधी जाणकाराला दाखवा, नाहीतर वरची फळी खचते. आणि दुखणं बोटांच्या टोकांना नसून अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटात असेल, मुंग्या येत असतील, तर नट घासून काही होणार नाही; वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.