टीडीए 2030 चा ॲम्प्लिफायर किट घरी जोडला आहे. हमिंग कसे घालवावे आणि आवाज फाटणे कसे थांबवावे?

तुम्ही लिहिले आहे की टीडीए 2030 या आयसीचा दोन चॅनेलचा किट तुम्ही 12-0-12 ट्रान्सफॉर्मरवर जोडला, त्याला आठ ओहमचे पाच इंची स्पीकर लावले, आणि आता फोन लावण्याआधीच स्पीकरमधून सतत हमिंग ऐकू येते. फोन लावून व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला की आवाज फाटतो. घरी गणपती बसण्यापूर्वी भजने ऐकण्याजोगा तो व्हावा, ही तुमची इच्छा आहे. मी वेंगुर्ल्यात राहतो आणि हेच किट बरीच वर्षे जोडत आलो आहे. तुमच्या वर्णनावरून पहिल्या तक्रारीचे मूळ ग्राउंडच्या (सप्लायच्या शून्य व्होल्टच्या तारेच्या) वायरिंगमध्ये आणि दुसरीचे गेनमध्ये, म्हणजे इनपुट किती पट वाढतो त्या प्रमाणात, असावे असे मला वाटते, त्यामुळे आयसी बदलण्याची घाई करू नका.

सर्वांत आधी दोन्ही स्पीकर काढून ठेवा. माझ्या पहिल्या किटमध्ये निगेटिव्ह सप्लायच्या तारेचे सोल्डरिंग कच्चे राहिले होते आणि मी काहीही न मोजता स्पीकर जोडला. आउटपुटवर पूर्ण डीसी व्होल्टेज आले, कोन बाहेर ढकलला गेला आणि काही सेकंदांत कॉइल जळाल्याचा वास आला. तेव्हापासून कोणताही नवा बोर्ड मी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे घरच्या विजेकडच्या बाजूला, साठ वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावूनच चालू करतो (एलईडी बल्ब या कामाला चालत नाही). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे.

बल्ब मंद राहिला की तो काढून मल्टिमीटरने सप्लाय मोजा. 12 व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) 1.414 पट होतात आणि त्यातून डायोडचा साधारण एक व्होल्ट वजा होतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे 16 व्होल्ट मिळायला हवेत. टीडीए 2030 ची कमाल मर्यादा अधिक-उणे 18 व्होल्ट आहे. भार नसताना ट्रान्सफॉर्मर थोडे जास्त व्होल्टेज देतो, आणि आपल्याकडे गावातला विजेचा दाब मध्यरात्रीनंतर पुष्कळदा चढतो, म्हणून हे मोजमाप एकदा रात्री उशिराही घ्यावे. आकडा 18 च्या जवळ जात असेल तर 22 व्होल्टपर्यंत चालणारा टीडीए 2030ए बसवणे शहाणपणाचे. त्यानंतर प्रत्येक चॅनेलच्या आउटपुटवर, म्हणजे आयसीच्या चौथ्या पायावर, डीसी मोजा. काही दहा मिलिव्होल्ट असले तरी चालतात. शंभराच्या पुढे आकडा गेला तर स्पीकर जोडू नका आणि फीडबॅकमधला (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेतला) 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उलटा बसला नाही ना, हे आधी पाहा.

आउटपुटचा डीसी ठीक असेल तर स्पीकर जोडा. आता हमिंग. येथे घाईने कपॅसिटर वाढवत बसण्यापेक्षा आवाज नेमका कोणता आहे हे ओळखणे महत्त्वाचे आहे. इनपुटची तार आणि ग्राउंड एकमेकांना जोडून पाहा. त्याने आवाज थांबला तर दोष इनपुटच्या वायरिंगमध्ये आहे: शील्डेड वायर वापरलेली नाही, किंवा तिचे शील्ड दोन्ही टोकांना वेगवेगळ्या ठिकाणी ग्राउंड केले आहे. इनपुट शॉर्ट करूनही आवाज तसाच राहिला तर तो सप्लाय किंवा ग्राउंडमधून येतो आहे. खोल, गोल घुमणारा आवाज 50 हर्ट्‌झचा असतो आणि तो बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे किंवा ग्राउंडच्या लूपमुळे येतो. किंचित खरबरीत, भुंग्यासारखा आवाज 100 हर्ट्‌झचा असतो, आणि तो रेक्टिफायरनंतरचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, ग्राउंडमध्ये मिसळल्याची खूण आहे.

बहुतेक किटमध्ये हा दुसरा दोष असतो, आणि तो केवळ तारांची जागा बदलून जातो. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप प्रथम दोन मोठ्या फिल्टर कपॅसिटरांच्या मधल्या जोडावर न्यावा. तेथून एकच जाड, आखूड तार एका वेगळ्या बिंदूकडे काढावी आणि त्या बिंदूलाच स्पीकरचे ग्राउंड, बोर्डाचे ग्राउंड व इनपुटचे ग्राउंड अशा तारा स्वतंत्रपणे आणून मिळवाव्यात. कपॅसिटर भरताना त्यांच्यात जाणारा प्रवाह मोठ्या झटक्यांनी वाहतो. इनपुटचे ग्राउंड त्याच वाटेवर जोडलेले असेल तर तारेच्या अगदी अल्प रोधावर पडणारे काही मिलिव्होल्टही आयसी तीस पटींनी वाढवून स्पीकरला देते. एसीच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन इनपुटपासून लांब न्याव्यात. ट्रान्सफॉर्मर स्क्रूने पक्का करण्यापूर्वी तो हाताने नव्वद अंशांत फिरवून पाहा. एका विशिष्ट दिशेला हमिंग एकदम कमी झालेले कानाला स्पष्ट कळते. फोन चार्जरला लावल्यावरच आवाज येत असेल तर तो चार्जरचा दोष समजावा आणि ऐकताना चार्जर काढावा.

फाटणाऱ्या आवाजाचा हिशोब सोपा आहे. तुमच्या किटमध्ये फीडबॅकचे रेझिस्टर बहुधा 22 किलोओहम आणि 680 ओहम असतील, म्हणजे गेन सुमारे 33 पट. 16 व्होल्टच्या सप्लायवर आठ ओहमच्या स्पीकरला सुमारे नऊ व्होल्ट, म्हणजे दहाएक वॉट मिळतात, आणि तेवढ्यासाठी इनपुटला पाव व्होल्टच पुरतो. फोन याच्या दुप्पट किंवा अधिक सहज देतो, त्यामुळे व्हॉल्यूम निम्म्यावर येताच आयसी सप्लायच्या मर्यादेला भिडते. 680 ओहमच्या जागी 1.2 किलोओहम लावल्यास गेन सुमारे 19 पट होतो, व्हॉल्यूमचा पॉट जवळजवळ पूर्ण फिरवता येतो आणि उरलेसुरले हमिंगही कमी होते. याहून फार खाली जाऊ नये, कारण या आयसीला किमान 24 डेसिबल, म्हणजे सोळा पट गेन लागतो. त्याखाली ती ऑसिलेट होऊ शकते, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच कंपने निर्माण करू लागते. गाणे चालू नसतानाही आयसी चटका देण्याइतकी तापत असेल तर ऑसिलेशनचा संशय घ्यावा. पॉझिटिव्ह सप्लायच्या तारेत दहा ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरचे व्होल्टेज मोजा: एका आयसीला स्वस्थ असताना सुमारे 40 मिलिॲम्पिअर लागतात, म्हणजे दोन आयसींना मिळून 0.8 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. याच्या दुप्पट दिसले तर आउटपुटवरचा एक ओहम आणि 0.22 मायक्रोफॅरडचा जोड तपासा. तसेच आयसीची धातूची पाठ निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते, म्हणून मायका न घालता हिटसिंक धातूच्या पेटीला टेकवू नये.

भजन ऐकण्यासाठी एक बदल मी आवर्जून सुचवेन. पखवाजाच्या धुमेचा खालचा नाद पाच इंची स्पीकरला झेपत नाही. कोन विनाकारण हलतो आणि गायकाचा आवाज त्याबरोबर थरथरतो. इनपुटचा एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून 0.22 लावल्यास सुमारे 33 हर्ट्‌झच्या खालचा भाग कमी होतो, 0.1 लावल्यास सुमारे 72 च्या खालचा. मी दोन्ही ऐकून 0.1 ठेवला, कारण त्यात झांजा आणि शब्द अधिक मोकळे वाटले. प्रत्यक्ष माइक मात्र या किटला थेट चालणार नाही. माइकचे काही मिलिव्होल्ट वाढवायला वेगळा प्रीॲम्प लागेल.

आपल्या किनाऱ्यावर याहून मोठी काळजी खाऱ्या दमट हवेची आहे. सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स बोर्डावर राहिला तर पावसाळ्यात तो ओलावा धरतो, आणि आषाढात चांगल्या किटमधूनही खरखर येऊ लागते. जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड स्वच्छ धुवा, तासभर पेटत्या बल्बखाली वाळवा आणि मगच पीसीबी लॅकरचा पातळ थर द्या; पॉट आणि सॉकेट त्यातून वगळा. पेटी धातूची असेल तर तिला अर्थिंग अनिवार्य आहे आणि प्रायमरीला अर्ध्या ॲम्पिअरचा फ्यूजही हवा. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून निकामी होतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालत जा.

सगळे जुळले की सप्लायचे दोन आकडे, दोन्ही आउटपुटचा डीसी आणि स्वस्थ अवस्थेतला प्रवाह कागदावर तारखेसह लिहून तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. दिवाळीत, पाऊस संपल्यावर, तीच मोजमापे पुन्हा घ्या. आउटपुटचा डीसी वाढलेला दिसला तर बोर्ड आणखी एकदा धुवायला झाला आहे.