किब्ला बदलला, तरी जेरुसलेमचा मान का टिकला?

प्रश्न : मक्का आणि मदिना यांच्यानंतर जेरुसलेम हे इस्लाममधील तिसरे पवित्र स्थळ मानले जाते, नमाज मात्र मक्केकडे तोंड करून अदा केली जाते. मग जेरुसलेमला हा मान कशामुळे मिळाला? छायाचित्रांत दिसणारा सोनेरी घुमट म्हणजेच अल-अक्सा मशीद का? नजफ आणि करबला यांचे स्थान कोणते?

उत्तर : आधी छायाचित्राविषयी लिहितो, कारण हा घोटाळा छापील मजकुरातही वारंवार होतो. सोनेरी घुमटाची अष्टकोनी वास्तू म्हणजे ‘कुब्बत अस-सखरा’. उमय्या घराण्यातील खलिफा अब्द अल-मलिक यांनी ती एका पवित्र खडकाभोवती उभारली आणि तिच्यातील लेखात हिजरी सन 72, म्हणजे इ.स. 691-92, असा काळ नोंदवलेला आहे. अल-अक्सा ही सामुदायिक नमाजाची मशीद त्याच आवाराच्या दक्षिण टोकाला असून तिचा घुमट करड्या रंगाचा आहे. मात्र अनेक मुसलमान सुमारे 35 एकरांच्या त्या सबंध आवारालाच अल-अक्सा म्हणतात, हेही ध्यानात ठेवावे. ज्यूंची दोन प्राचीन मंदिरे याच टेकडीवर होती आणि त्यांच्या दृष्टीने ही सर्वांत पवित्र जागा आहे. ते बाजूला ठेवून या स्थळाविषयी लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. केवळ दर्शनाच्या हेतूने प्रवास करावा तो तीनच मशिदींचा, अशा आशयाची प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची परंपरा, आहे : मक्केची मस्जिद अल-हराम, मदिनेची मस्जिद-ए-नबवी आणि अल-अक्सा. मक्केचे पहिलेपण उघड आहे, कारण काबा तेथे आहे आणि हज तेथेच होते. मदिनेला पैगंबर मुहम्मद 622 मध्ये हिजरत, म्हणजे मक्केहून स्थलांतर, करून आले, तेथे त्यांनी मशीद बांधली आणि 632 मध्ये तेथेच त्यांचे दफन झाले. मदिनेची भेट हजच्या विधींचा भाग नाही, तरी बहुतेक यात्रेकरू ती चुकवत नाहीत.

जेरुसलेम हा मुसलमानांचा पहिला किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, होता. हिजरतीनंतर सुमारे सोळा-सतरा महिने मदिनेतही नमाज त्याच दिशेने होत असे. पुढे कुराणातील आदेशानुसार ती काब्याकडे वळली. तथापि जेरुसलेमचा मान केवळ दिशेवर अवलंबून असता, तर तो तेव्हाच ओसरला असता. कुराणाच्या सतराव्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, आरंभी पैगंबरांना एका रात्री मस्जिद अल-हरामपासून मस्जिद अल-अक्सापर्यंत नेल्याचा उल्लेख आहे आणि तेथून त्यांचे स्वर्गारोहण, म्हणजे मेराज, झाले, अशी श्रद्धा आहे. दिवसातून पाच वेळा नमाज अदा करण्याचे कर्तव्य याच मेराजच्या रात्री ठरले, असे परंपरा सांगते. माझ्या मते उत्तराचा गाभा येथे आहे : नमाजाची दिशा बदलली, पण खुद्द नमाजाचा उगम श्रद्धाळूंच्या मनात त्या रात्रीशी जोडलेलाच राहिला. शिवाय दाऊद, सुलेमान आणि ईसा (येशू) या पैगंबरांचीही ती भूमी होय.

इराकमधील नजफ येथे पैगंबरांचे जावई हजरत अली यांची, तर करबला येथे 680 मध्ये शहीद झालेले त्यांचे पुत्र इमाम हुसैन यांची दर्गा आहे. शिया मुसलमानांना ही दोन्ही स्थळे अत्यंत पूज्य आहेत. मात्र त्यांच्या जियारतीमुळे, म्हणजे दर्शनयात्रेमुळे, हजचे कर्तव्य फिटते, असे शिया धर्मशास्त्रही मानत नाही.